नाटकाच्या दुसऱ्या दिवशी

नाटक संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात, आणि तीच आपण सगळ्यात लवकर घालवतो. पडदा पडतो, टाळ्या होतात, दिवे लागतात आणि सगळं सभागृह एकदम चपला, किल्ल्या, झोपलेली मुलं शोधायला लागतं. बेळगावात तर खेड्याकडच्या शेवटच्या गाडीची वेळही डोक्यात असते. उचगाव, कडोली, येळ्ळूरहून आलेली मंडळी शेवटच्या अंकाच्या मध्यापासून चुळबुळ करायला लागतात. आत जे ढवळलेलं असतं, ते गाडी काढता काढता खाली बसतं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, तर तोंडातून एवढंच निघतं : छान झालं नाटक. या ‘छान झालं’चं मला दुःख होतं. ज्या संचानं दोन-दोन महिने नोकरीवरून सुटल्यावर तालमी केल्या, आणि जो प्रेक्षक मधेच कधीतरी खुर्चीत ताठ होऊन बसला होता, त्या दोघांनाही ते पुरेसं नाही.

पूर्वी असं नव्हतं, कारण घरी पोचायलाच वेळ लागायचा. माझं आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. जत्रेतलं नाटक बघून लोक चालत नाहीतर बैलगाडीतून परतायचे, आणि तो परतीचा रस्ता हीच चर्चा असायची. कर्णानं कवचकुंडलं द्यायला नको होती, इथून निघालेलं बोलणं गावातल्याच कुणाच्या तरी भोळेपणावर येऊन थांबायचं. बायकांची गाडी वेगळी, त्यांचं बोलणंही वेगळं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आणि पारावर तेच पुढं चालू. याचं आयोजन कुणी करत नव्हतं. आता मोटारसायकलवर पुढं नवरा, मागं बायको, मधे मूल, कानात वारा, आणि वीस मिनिटांत घर. एकत्र चालायचा रस्ता गेला, त्याच्याबरोबर ते बोलणंही गेलं. म्हणून ते आता मुद्दाम घडवावं लागतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

त्याच भागात, घाटमाथ्यावरच्या गावांत, शिमग्याला रणमाले हे लोकनाट्य रंगतं. गोव्यातली सत्तरी, इकडं दोडामार्ग आणि आमचं खानापूर, असा त्याचा पट्टा. गोष्टी रामायण-महाभारतातल्या. जत नावाची गाणी गाणारे मागं ओळीनं उभे असतात आणि पुढं पात्रं येतात, जातात. तिथं नट आणि प्रेक्षक एकाच गावचे. रावण झालेला माणूस सकाळी तुमच्या शेताच्या बांधावर उभा असतो, त्यामुळं त्याला रावणाविषयी विचारायला कुणाला संकोच वाटत नाही. शहरातल्या रंगमंदिरात आपण हीच ओळख हरवून बसलो आहोत. नट मागच्या दारानं जातो, प्रेक्षक पुढच्या.

आणि हे हरवावं असा हा मुलूख नाही. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपण १८४३ सालच्या सांगलीपासून सुरुवात करतो. विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’, चिंतामणराव पटवर्धनांचा दरबार. पण भाव्यांना नाटक करायला सांगण्याचं कारण म्हणजे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ. ते राजेसाहेबांनी पाहिले आणि आपल्याकडंही असं काही व्हावं असं त्यांना वाटलं. पुढं चाळीसेक वर्षांत १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं, ते करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८५ साली तिथंच त्यांचा शेवट झाला. ‘शाकुंतल’च्याही आधीपासून मराठी कंपन्या धारवाड-हुबळी-गदगपर्यंत खेळ करत होत्या. त्यांना एवढी गर्दी होई, की गदगचे कन्नड नाटककार शांतकवी यांना वाटलं, आपल्या भाषेत का नाही? त्यांनी कन्नड मंडळी काढली. त्यानंतरच्या कन्नड कंपन्यांतून मराठी नाट्यपदांच्या चाली कन्नड शब्द घेऊन फिरल्या. सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे बाळप्पा, ज्यांनी बसवेश्वरांची भूमिका गावोगाव पोचवली, ते शंभरी ओलांडून २०१७ साली गेले. हा सगळा प्रवास माझ्या मनात एका सलग वाटेसारखा आहे. सांगली, गदग, गुर्लहोसूर, परत बेळगाव. एकानं पाहिलं, दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला ते मान्य झालं नाही म्हणून त्यानं स्वतःचं केलं. नाटक पाहून गप्प बसणारी माणसं असती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

नाटकावर बोलायला जमणारा आमचा गट लहान आहे. शिक्षक, बँकेतले दोन-तीन जण, एक शिंपी, काही गृहिणी, कॉलेजची मुलं. नाव नाही, पदाधिकारी नाहीत. सुरुवातीला आम्ही नाटक संपल्यावर लगेच थांबायचो. पण रंगमंदिर ठरल्या वेळेला रिकामं करायचं असतं, कामगार पडदे गुंडाळत असतात, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माणसाला बोलताही येत नाही. डोळे अजून ओले असतात.

वाट सापडली ती हेग्गोडूमुळं. शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यातलं हे सुपारीच्या बागांमधलं खेडं. १९४९ साली तिथं नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णांनी त्या गावात नाट्यशाळा काढली, जगभरचे सिनेमे खेड्यातल्या माणसांना दाखवले. १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा ‘तिरुगाट’ हा फिरता संच १९८५ पासून कर्नाटकभर नाटकं घेऊन फिरतो. मी तिथल्या संस्कृती शिबिराला गेले होते. संध्याकाळी नाटक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नाटकावर बोलणं. मधे एक अख्खी रात्र. त्या रात्रीचं महत्त्व मला तिथं कळलं. झोपताना नाटक माणसाच्या स्वतःच्या आयुष्याजवळ जाऊन बसतं. सकाळी तो बोलायला लागतो तेव्हा नटाच्या आवाजाबद्दल बोलत नाही, आपल्या भावाबद्दल बोलतो. माझ्या शेजारी एक बागायतदार बसले होते, आदल्या रात्रीच्या शेक्सपिअरवर सुपारीच्या भावाइतक्या सहजतेनं बोलत होते. मला कन्नड कळतं, तरी काही शब्द निसटत होते. ते त्यांनी मला थांबून थांबून सांगितले.

परतल्यावर आम्ही बैठक दुसऱ्या दिवसावर नेली.

बैठक कशी नसावी, हे ठरवायला वेळ लागला नाही, कारण आपल्याकडं कार्यक्रमाचा साचा पक्का आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, मनोगत, अध्यक्षीय समारोप. हा साचा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी अशा गावांनी याच साच्यात वर्षानुवर्षं मराठी साहित्य संमेलनं भरवली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, ग्रंथदिंडी काढून, येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालून. त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे. पण व्यासपीठावर बसलेली माणसं बोलतात आणि खाली बसलेली ऐकतात, ही सवय नाटकानंतरच्या बोलण्याला मारक ठरते. मान्यवरांनी एकदा नाटकाचा अर्थ सांगून टाकला, की बाकीच्यांच्या मनातला अर्थ चोरट्यासारखा मागं सरकतो.

म्हणून आम्ही सतरंजी घालतो आणि गोल बसतो. माईक नाही. नट आणि दिग्दर्शक येतात, पण पहिला तासभर बोलत नाहीत, फक्त ऐकतात. त्यांना ते जड जातं, मी पाहिलं आहे. चेहऱ्यावर सारखं येत असतं, की मला असं म्हणायचं नव्हतं. तरी त्यांनी ऐकावं. पहिला प्रश्न नेहमी एकच : काल रात्री घरी गेल्यावर तुम्हाला कुठला प्रसंग आठवत राहिला? मत विचारायचं नाही. मत विचारलं की माणसं शहाणी व्हायला बघतात, आठवण विचारली की खरं बोलतात. ज्यांना बोलायचं नाही त्यांना कुणी डिवचत नाही. चहा आणि भडंग मधेच फिरतो, शेवटी नाही, कारण हातात काहीतरी असलं की बायका लवकर बोलत्या होतात. हे निरीक्षण माझं नव्हे, आमच्यातल्या एका काकूंचं आहे, आणि ते दर वेळी खरं ठरलं आहे.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ एका हौशी संचानं आमच्या तालुक्यातल्या एका गावात केलं, तेव्हाची बैठक मी विसरणार नाही. १९६७ पासून या नाटकावर किती लिहिलं, बोललं गेलं आहे. सगळं नाटकाची नायिका असलेल्या बेणारेबाईंभोवती. आम्हीही तीच तयारी करून गेलो होतो. शाळेच्या वर्गात बैठक बसली, बाकं बाजूला सारली, आणि पहिलाच माणूस सामंतावर बोलायला लागला. सामंत म्हणजे त्या नाटकातला गावचा माणूस. शहरातून मंडळी खेळ करायला येतात, त्यांना एक साक्षीदार कमी पडतो. सामंताला कोर्ट कसं असतं ते कळावं म्हणून तो खोटा खटला रचला जातो आणि गंमतीगंमतीत बेणारेला आरोपी केलं जातं. सामंताची साक्ष होते तेव्हा तो बिचारा हातातल्या कादंबरीतलंच काहीतरी सांगतो, आणि तेच नेमकं तिच्या जिव्हारी लागतं.

तो माणूस म्हणाला, “गाव आमचं, हॉल आमचा, आणि बाईवर आरोप आमच्याच माणसाच्या तोंडून. आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही की हो.” मग एकापाठोपाठ एक सगळे सामंताकडं वळले. सामंत चांगला की वाईट? शेवटी तो हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो, ते पुरेसं आहे का? त्याला बोलता आलं असतं का? एक तरुण, दूध डेअरीत काम करणारा, बराच वेळ खाली बघत होता. तो म्हणाला, आपण गावात एखाद्या बाईबद्दल जे बोलतो, ते तरी कुठं स्वतः पाहिलेलं असतं? कुठंतरी ऐकलेलं, वाचलेलंच सांगतो, सामंतासारखं.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. हे नाटक मी अनेकदा वाचलं, पाहिलं. सामंताच्या जागी बसून ते मी कधी पाहिलं नव्हतं. शहरी प्रेक्षकाला तो जागेपुरता आणलेला माणूस वाटतो. गावातल्या माणसांना त्याच्यात स्वतःचं गाव दिसलं. दिग्दर्शक तिथं बसून ऐकत होता. पुढच्या प्रयोगात त्यानं सामंताला शेवटी दाराजवळ जास्त वेळ उभं केलं. बैठकीनं नाटक बदललं, याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसरी एक बैठक अधिक अवघड गेली. एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. वाडा विदर्भातला, पण इथल्या माणसाला तो आपलाच वाटतो. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर, वडिलांचं दिवसकार्य आणि त्याच्या खर्चावरून भावाभावांत सुरू झालेली ओढाताण. बोलणं अपेक्षेप्रमाणं मुंबईच्या भावावरून सुरू झालं, कारण आमच्याही प्रत्येक घरात एक जण मुंबईला नाहीतर पुण्याला आहे. मग कुणीतरी प्रभाचं नाव घेतलं. शिकायचं राहून गेलेली, घरातच वाळून गेलेली बहीण. एक साठीच्या बाई, डोक्यावर पदर, तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मी हक्कसोडवर सही केली आहे. भावानं गाडीतून नेलं, कचेरीत सही घेतली, येताना हॉटेलात जेवू घातलं, साडी घेतली. मला वाईट नाही वाटलं तेव्हा. काल रात्री वाटलं.”

२००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हक्कसोडपत्र म्हणजे काय तेही ठाऊक होतं. पण भाऊ आणि बहीण दोघं एकाच खोलीत बसलेले असताना त्यावर बोलणं कुणी ऐकलेलं नव्हतं. एका गृहस्थांनी आवाज चढवला. बहिणींना माहेर तुटायला नको असतं म्हणून त्या स्वखुशीनं सही करतात, नाटकाचं निमित्त करून घरं फोडू नका, असं ते म्हणाले. त्यांना कुणी गप्प केलं नाही. त्या बाईंनीच शांतपणे उत्तर दिलं, की माहेर तुटेल ही भीती असली तर ती खुशी कशी? ते गृहस्थ उठून गेले नाहीत. शेवटपर्यंत बसले. मला त्यांचंही मोल वाटतं.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलनं प्रेक्षकाला थेट रंगमंचावर बोलावण्याची पद्धत रूढ केली. प्रसंग थांबवायचा, आणि मी असते तर काय केलं असतं ते पुढं येऊन करून दाखवायचं. आम्ही दारूवरच्या एका छोट्या पथनाट्यात तसं करून पाहिलं. पोरं धावत पुढं आली, मोठी माणसं जागची हलली नाहीत. आपल्याकडच्या माणसाला करून दाखवण्यापेक्षा सांगणं जवळचं वाटतं, असं मला दिसलं. आपली परंपरा निरूपणाची आणि कथेकऱ्याची आहे. त्या बाईंना मी उठून प्रभाची भूमिका करायला सांगितलं असतं, तर त्या एक शब्दही बोलल्या नसत्या.

आता भाषेबद्दल. सीमाभागात हा विषय टाळून नाटकाबद्दल बोलता येत नाही, आणि मला टाळायचाही नाही. मी मराठी आहे. इथल्या मराठी शाळांचे वर्ग रोडावत गेलेले मी पाहिले, त्याची वेदना माझ्याजवळ आहे. १ नोव्हेंबर इथं एकाच शहरात दोन तऱ्हांनी पाळला जातो. काहींसाठी राज्योत्सव, काहींसाठी काळा दिवस. त्या दिवशी शेजारी शेजाऱ्याशी जपून बोलतो. अशा ठिकाणी दोन्ही भाषांची माणसं एका सतरंजीवर बसवायला निमित्त लागतं, आणि नाटकाइतकं चांगलं निमित्त मला दुसरं सापडलेलं नाही. कारण तिथं आपण एकमेकांबद्दल बोलत नसतो, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतो.

धारवाडकडच्या एका संचानं कार्नाडांचं ‘तुघलक’ कन्नडमध्ये केलं. हे नाटक त्यांनी १९६४ साली कन्नडमध्ये लिहिलं आणि मराठीत आणलं ते तेंडुलकरांनी, त्यामुळं आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आधीच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं आली. सुलतान दिल्लीहून दौलताबादला राजधानी नेतो, प्रजेला चालत जावं लागतं, त्यावर बोलणं चाललं होतं. एक म्हातारे गृहस्थ, १९५६ ची राज्य पुनर्रचना पाहिलेले, म्हणाले, “त्यांना चालावं तरी लागलं. आम्ही हितंच बसून होतो. राज्यच हललं.” खोलीत अवघडलेपण आलं. मग एक कन्नड शिक्षक बोलले. त्यांची बहीण महाराष्ट्रातल्या जतला दिली आहे, तिकडच्या कन्नड शाळेत तिची मुलं शिकली, आणि तिचं म्हणणंही अगदी हेच असतं, असं त्यांनी सांगितलं. सुलतानानं निर्णय घेण्याआधी कुणाला विचारलं होतं, हा प्रश्न तिथून निघाला आणि दुपारपर्यंत चालला. कुणाचंही मत बदललं नाही. सीमाप्रश्न सतरंजीवर सुटत नसतो. पण ते म्हातारे गृहस्थ आणि ते शिक्षक आता एकमेकांना पुढच्या खेळाची आठवण करून देतात.

तेव्हापासून मला वाटतं, की आमच्या मराठी प्रेक्षकांनी इथली कन्नड लोकनाटकंही पाहावीत. गोकाककडच्या कुलगोड तम्मण्णांनी गाजवलेलं ‘श्रीकृष्ण पारिजात’ कानाला मुळीच परकं वाटत नाही. बैलहोंगलच्या ‘संग्या बाळ्या’त मैत्री, सावकारी, परस्त्रीचा मोह आणि खून आहे, तिथंच घडलेली गोष्ट म्हणून ती सांगतात. तिच्यावर आमच्या बायका काय बोलतील, ते ऐकायची मला फार उत्सुकता आहे. आणि मुंबई-पुण्याहून इथवर येणाऱ्या नाटकवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की रात्रीचा खेळ करून पहाटे निघून जाऊ नका. सीमाभागात फक्त हलकंफुलकं चालतं, हा समज सोडून तुमचं गंभीर नाटकही आणा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा. इथं माणसं वाट बघत असतात.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो चित्रीकरणाचा. गटातल्या मुलांना बैठका मोबाईलवर टिपून सगळ्यांपर्यंत पोचवायच्या आहेत. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, एवढं चांगलं बोलणं तीस-चाळीस माणसांपुरतंच का राहावं? पण कॅमेरा असता, तर हक्कसोडचं कुणी बोललं नसतं, आणि बोलल्या असत्या तर त्या बाईंना घरी जाणं कठीण झालं असतं. मी ठाम नाही म्हणाले आहे. तूर्त एक वही ठेवली आहे. तीत नावं नाहीत, फक्त उठलेले प्रश्न आहेत, मराठीत आणि कन्नडमध्ये, ज्यानं विचारला त्याच्याच शब्दांत. संच आला की ती त्यांना वाचायला देतो.

‘संग्या बाळ्या’ करणाऱ्या मंडळींशी बोलणं झालं आहे. भाताची मळणी उरकल्यावरचा शनिवार त्यांना चालेल असं दिसतं. बैठक रविवारी अकराला, दहाला नाही, कारण सकाळची धार, डेअरी आणि जनावरांचं उरकून यायला बायकांना तेवढा वेळ लागतो. जागा शाळेची मिळाली तर शाळेत, नाहीतर देवळाच्या मंडपात. सतरंज्या आणखी दोन लागतील.